मिटलेली करंगळी

आमच्या घरी सकाळी पेज आणि भाजलेली सुकट असायची. सुकट संपली की पेज आणि मीठ. श्रीवर्धनच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी, आणि वाडीतलं आमचं घर शेवटचं. मोठ्या भरतीला खारं पाणी न्हाणीत शिरायचं. अम्मी दुसऱ्यांची मासळी सुकवून द्यायची. मिठाने तिच्या हातांना चिरा पडलेल्या असायच्या. त्याच हातांनी ती माझी वेणी घालायची तेव्हा केस चिरांत अडकायचे, तिलाही लागायचं आणि मलाही. अब्बा कतारला शटरिंग कारपेंटर होते, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचे साचे ठोकणारे. दोन-दोन वर्षांनी घरी यायचे. मी दुसरीत असताना आले तेव्हा अंगणातल्या पोरींमधून त्यांनी माझ्या मामेबहिणीला उचललं आणि तिचे मुके घेत सुटले. अम्मी म्हणाली, "अवो, ती नाय, ही तुमची." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, लाजेने.

आमच्या खानदानात, बापाकडून काय आणि आईकडून काय, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते आणि मोठ्याने सांगते. फिजिओथेरपीची डिग्री घेतली, दोह्याला येऊन परवान्याची परीक्षा दिली आणि पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणाऱ्या एका कंपनीत लागले. अब्बा तेव्हाही इथेच होते, बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात. एकाच देशात राहून बापलेकीची भेट शुक्रवारची शुक्रवारी.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की ज्या म्हाताऱ्याबद्दल मी लिहिते आहे त्याने पहिल्या दिवशी मला नमस्कार-चमत्कार न करता एकच प्रश्न विचारला होता, "तुझा बाप काय करतो?"

मी सांगितलं.

"माझा बाप गोदीत जहाजांतून कोळसा उपसायचा. रात्री खोकायचा तेव्हा उशी काळी व्हायची. ठीक आहे. तू माझा हात धरलास तर चालेल."

हे त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, घोगऱ्या आवाजात, धमकी दिल्यासारखं. त्यांचं सगळंच बोलणं तसं होतं. पाणी मागितलं तरी समोरच्याने खिसे रिकामे करावेत असं वाटायचं. मी तोंडावर त्यांना 'सर' म्हणायचे आणि मनात आजोबा.

मदिनत खलीफातल्या एका व्हिलात ते मुलीकडे राहत. जावई गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. बायको वारल्यावर आणि डावी बाजू लकव्याने गेल्यावर मुलीने त्यांना जपानहून इथे आणलं होतं. छाती खराब, साखर वाढलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. फाईलमध्ये हे सगळं होतं. माणूस कोण, ते नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि करंगळी नाही हे पाहिलं. विचारलं, "सर, हे कधी कापलं?"

म्हातारा खूश झाला. अख्खा चेहरा उजळला. सावकाश, जादूगाराने पत्ता दाखवावा तसा त्यांनी उजव्या हाताने डावा तळवा उलटा केला. करंगळी होती. तळव्यात घट्ट मिटून बसली होती, नख मांसात रुतून तिथे खड्डा पडला होता. मी उघडायला गेले तर लाकूड. इतकं गोठलेलं बोट मी कॉलेजच्या पुस्तकात पाहिलं होतं, माणसात नव्हतं.

"छान ना?" ते म्हणाले. "सगळा देश फसला होता."

ते सिनेनट होते. गुंडांची कामं करायचे, आणि फक्त गुंडांचीच. तिकडे टोळीतल्या माणसाची चूक झाली की तो स्वतःची करंगळी कापून म्होरक्यासमोर ठेवतो, अशी रीत. त्यामुळे करंगळी नसलेला माणूस दिसला की लोक काय ते समजतात आणि बाजूला होतात. एका चित्रपटासाठी दिग्दर्शकाने यांचं बोट आत मिटवून वरून पट्टी आणि कातडीच्या रंगाचं मेण लावलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक चित्रपटात तेच. मग स्टुडिओने सांगितलं, बाहेर फिरतानाही पट्टी ठेवा. वर्षानुवर्षं ठेवली. एक दिवस पट्टी सोडली आणि बोट उघडलंच नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"पट्टीचा खर्च वाचला," ते म्हणाले.

गालावर मोठा डाग होता. लहानपणी उकळतं पाणी सांडलं होतं, पण स्टुडिओने चाकूचा वार म्हणून छापून आणलं. गोदीतलं काम सुटल्यावर ते तिथे सेट उचलायला गेले होते. हा डाग पाहून कोणीतरी म्हणालं, याला मारा. म्हणजे कॅमेऱ्यासमोर. त्या दिवशी ते पहिल्यांदा मेले आणि मग मरतच राहिले. पावसात, बर्फात, जिन्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत. मी विचारलं, एकूण किती वेळा? म्हणाले, "मी मोजलं नाही. बायको मोजायची. ती गेली आणि मोजणं बंद झालं."

मरण्याचा त्यांना भारी अभिमान. त्यावर तासभर बोलायचे. नवे नट डोळे मिटतात आणि समजतात मेलो. पोट कोण सांभाळणार? मेल्यावर पोट हललं की प्रेक्षक हसतो. एकदा मी आत शिरले तर आजोबा खुर्चीतून खाली, मान वाकडी, नळी बाजूला. मी धावले. गुडघ्यावर बसून छातीवर हात ठेवला तर ओठ न हलवता आवाज आला, "पोट बघ. हललं का?"

मी चांगलीच तापले. "सर, पुन्हा हे केलंत ना, तर मी उचलणार नाही. तसंच पडून राहा. खरंच गेलात तरी मला वाटेल नाटक चाललंय."

"सिनेमातल्या म्होरक्यानेही मला असं झापलं नव्हतं," ते जमिनीवरून म्हणाले. मग बराच वेळ खोकत राहिले. तो खोकला नाटकातला नव्हता.

त्यांची मुलगी, जिला मी मॅडम म्हणायचे, असल्या गमतींना हसत नसे. कधीच नाही. दारात उभी राहायची, बघायची आणि जायची. एकदा स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता तिने मला सांगितलं, "माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला आई म्हणायची, हात खिशात ठेवा. बाबा दोन्ही हात खिशात घालून बसायचे. टाळ्या वाजवायचे नाहीत. त्याने लोक आणखी घाबरायचे." तिची दोन लग्नं ठरून मोडली होती. खरा गुंड नाही, नट आहे, हे त्या घरांनाही ठाऊक होतं. पण पाहुण्यांना काय सांगणार? तिसऱ्यांदा जमलं तेव्हा लग्नाच्या दिवशी आजोबा हॉलबाहेर गाडीत बसून राहिले. स्वतःहून.

आजोबांनी मला त्याच काळातली एक गोष्ट सांगितली होती. एका हॉटेलात एक माणूस त्यांच्या टेबलाशी आला, वाकला आणि म्हणाला, तुमचं काम मी बघतो, तुम्ही आमच्यासारखेच वाकता. त्याला खरंच करंगळी नव्हती. त्याने यांची बघायला मागितली. यांनी तळवा उलटा केला. तो माणूस आधी हसला, मग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नशीबवान आहात. घरी गेल्यावर उघडता येतं."

"मी त्याला सांगितलं नाही, की आता उघडत नाही," आजोबा म्हणाले. "कसं सांगणार? त्याच्यासमोर ते रडगाणं झालं असतं."

मी तिथे जायला लागून बरेच महिने झाले होते, तेव्हा एका तरुण दिग्दर्शिकेचा तोक्योहून फोन आला. लहान चित्रपट, पैसे जवळजवळ नाहीत. एक म्हातारा एकटा राहतो. पोस्टातून निवृत्त झालेला. मुलगी खूप वर्षांनी भेटायला येते. तो तिच्यासाठी तांदूळ धुतो आणि भात लावतो. त्यांना विमानात बसता येत नसेल तर मी तिकडे येते, म्हणाली, एखादं स्वयंपाकघर असलं की झालं.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ते ताठ बसले होते. दाढी केलेली.

"त्यात कोणी मरत नाही," मला म्हणाले. "मी विचारून घेतलं. कोणी कोणाला मारत नाही. म्हातारा भात लावतो. बस." मग म्हणाले, "आयुष्यात मला एकदाही कोणी साधा माणूस करायला दिला नाही. बोट उघड."

मी खरं ते सांगितलं. इतक्या वर्षांचा गोठलेला सांधा, वर लकवा. थोडं सैल होईल. सरळ होणार नाही.

"थोडं म्हणजे?"

"नख तळव्यातून निघेल. तांदळात हात घालता येईल इतपत, कदाचित."

"इतपत पुरे."

मग आम्ही लागलो. गरम मेणाचा शेक, हळूहळू ताण, मग स्प्लिंट, म्हणजे बोटाला बाहेर ओढून धरणारी पट्टी आणि पत्रा. ती दिवसातून ठरावीक वेळच लावायची, हे मी त्यांना, मॅडमना, पुन्हा त्यांना बजावून सांगितलं. काही आठवड्यांनी नख मांसातून सुटलं. खालची कातडी पांढरी, ओली, तान्ह्या बाळासारखी. आजोबांनी हात नाकाशी नेला आणि वास घेतला. "माझ्या तरुणपणाचा वास येतोय. घाण आहे," म्हणाले. मॅडम दारात होती. तेव्हा मात्र ती हसली. मी पाहिलं.

पण माणूस थांबणारा नव्हता. मी गेल्यावर ते पट्टी पुन्हा चढवायचे, दातांनी आवळायचे आणि पांघरुणाखाली ठेवून झोपायचे. लकव्याच्या हाताला दुखतंय ते कळत नव्हतं. त्यात साखर. एका सकाळी मी पट्टी सोडली आणि बोटाचं टोक काळं होतं.

हॉस्पिटलात सर्जन नीट बोलले, घाई केली नाही. काढावं लागेल, नाहीतर हातात चढेल. आजोबांनी मुलीकडून नीट समजून घेतलं आणि हसायला लागले. हसून हसून ऑक्सिजनची नळी निघाली. "खोटं कापून आयुष्यभर जेवलो," ते म्हणाले, "आता खरं कापा." हसता हसता त्यांचा चेहरा कुठे बदलला ते मला कळलं नाही, पण भूल द्यायला नेलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून होते.

घरी आल्यावर बोलणं बंद. व्यायाम नाही. हात पुढे करायला सांगितलं तर करायचे, पण ते प्रेताच्या हाताला हात लावल्यासारखं. हिवाळा जवळ आलेला, शूटिंगची वेळ ठरलेली. मी म्हटलं, सर, हल्ली रबराचं बोट मिळतं, हुबेहूब, मी चौकशी करते.

"नको," ते म्हणाले. "बोट असताना नाही म्हणून दाखवलं. आता नसताना आहे म्हणून दाखवू? पुरे झालं." आणि मॅडमना सांगितलं, त्या पोरीला कळव, जमणार नाही. हा हात दिसला की आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल हा कोण. पोस्टातला म्हातारा म्हणून कोण बघेल?

मॅडमनी फोन करते म्हटलं. पण केला नाही. आजोबांनी दोन-तीनदा विचारलं तर विषय बदलला.

त्याच सुमारास त्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला एक उतार बसवायचा होता. आजोबांची चाकांची खुर्ची अडायची. मी अब्बांना सांगितलं होतं. त्यांनी साइटवरच्या टाकाऊ प्लायवूडचा उतार केला आणि शुक्रवारी नमाजानंतर माझ्याबरोबर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत ते धूड. बसवून झाल्यावर मॅडमनी त्यांना आजोबांसमोर बसवलं आणि करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा चहा दिला. अब्बा चहा बशीत ओतायला गेले, माझ्याकडे बघून थांबले आणि तसाच प्यायले. मग त्यांची नजर आजोबांच्या हातावर गेली. जखम भरत आली होती, पट्टी काढलेली.

"विचार गो त्यांना," अब्बा मला म्हणाले. "बोट कसां गेलां? करवतीवर काय?"

मी घाईने म्हटलं, "अब्बा, चहा प्या."

"अगो, विचारायला काय झालां? आमच्या कॅम्पात हायत की असे तिघं-चौघं. गोल करवतीवर हातमोजा अडकला की खलास. आन कंपनीनं काय भरपाई दिली काय, तां पन विचार."

आजोबांनी भुवई उचलली. "काय म्हणतोय तुझा बाप?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? सांगितलं, की त्यांना वाटतंय तुम्ही सुतार होता आणि करवतीत बोट गेलं. भरपाई मिळाली का विचारतायत.

मॅडम किटली घेऊन तशीच उभी.

"पुन्हा सांग," आजोबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"त्याला हा चेहरा दिसत नाही? हा डाग?"

अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, "भाजलां असेल कायतरी. वेल्डिंगवाल्यांचे असेच असतात गाल."

आजोबा वाकले. खुर्चीत जेवढं वाकता येतं तेवढं, मान गुडघ्यांपर्यंत, बराच वेळ. अब्बा घाबरून उभे राहिले. "काय झालां? मी काय वायट बोललो काय?"

त्या संध्याकाळी मॅडमनी फोन केला, पण आजोबांनी सांगितलेला निरोप दिला नाही. आजोबा स्वतःच बोलले. म्हातारा पोस्टातला नको, लाकडाच्या वखारीतला करा. दिग्दर्शिका घुटमळली. लोक तुम्हाला ओळखतात, ती म्हणाली, हात दिसला की गुंडच आठवणार.

"पहिल्या मिनिटाला आठवेल," आजोबा म्हणाले. "आठवू दे. भात शिजेपर्यंत विसरतील. नाही विसरले तर माझी चूक."

पुढचे शुक्रवार अब्बांचे तिकडे गेले. म्हातारा त्यांच्याकडे नुसता बघायचा. ते बसतात कसे, उठताना आधी कुठला गुडघा धरतात, टेबलावरून अंगठा का फिरवतात. अब्बा बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "हा मानूस माझ्याकडं असा का बघतो गो? माझ्या अंगावरचा शर्ट पायजेल काय त्याला?" मी समजावलं तर आणखी बावरले. "माझ्यासारखा? आन तो कशापायी?" तरी पुढच्या शुक्रवारी आले, आणि न सांगता आजोबांना फळी हातात धरून तिचा बाक कसा बघायचा ते दाखवलं, एक डोळा मिटून. आजोबांनी पुन्हा पुन्हा करून घेतलं. ते दोघं एका भाषेत एक वाक्य बोलू शकत नव्हते. मी मध्ये बसून दोघांच्या शिव्यांचं मात्र भाषांतर करत होते. एकमेकांच्या शिव्या त्यांना फार आवडल्या.

शूटिंगच्या दिवशी स्वयंपाकघरात मोजकी माणसं होती. नळी काढल्यावर फार वेळ तग धरणार नाहीत, हे मी दिग्दर्शिकेला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, डावा हात भांड्यामागे ठेवा, मी फ्रेममध्ये घेत नाही. आजोबांनी भांडं फिरवलं आणि डावा हात पुढे आणला, कॅमेऱ्याच्या बाजूला. तो लुळा हात कडेवर टेकवला, उजव्याने तांदूळ धुतले. पाणी पांढरं झालं, ओतलं, पुन्हा घेतलं. घाई नाही. मध्येच एक तांदळाचा दाणा ओट्यावर पडला तो अंगठ्याने टिपून परत भांड्यात टाकला. हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी असं करायचे. त्यांच्याही घरी करत असणार.

धमकावणारा तो आवाज त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. मुलीचं काम करणाऱ्या नटीला ते फक्त "बस, होतंय" म्हणाले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी तोंडावर ओढणीसारखा हात धरला. दिग्दर्शिकेने थांबा म्हटल्यावर आजोबांचे ओठ निळे पडले होते. मी नळी लावली. तो भात मग खरंच शिजवला. मॅडमनी उभ्यानेच एक वाटीभर खाल्ला, नुसता, आणि भांडं स्वतः घासलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते गेले. हॉस्पिटलात, सकाळी, मशीन लावलेलं असताना. मरणाबद्दल इतकं बोलणारा माणूस, पण त्या वेळी एक शब्द बोलला नाही, आणि आम्हीही पोटाकडे बघत नव्हतो. शवपेटी विमानाने जपानला गेली. अब्बा त्याआधीच कायमचे घरी गेले होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "इन्ना लिल्लाह. भला सुतार झाला असता."

चित्रपट आता तिकडच्या लहान थिएटरांत लागून गेला. मॅडम माहेरी जाऊन आली तेव्हा जुन्या गल्लीतली एक बाई तिला थांबवून म्हणाली, की तुझे वडील सिनेमात येण्याआधी लाकडाच्या वखारीत होते हे आम्हाला माहीत नव्हतं, बोट तिथेच गेलं का? मॅडम हो म्हणाली.

त्यांनी साधा माणूस केला, आणि बघणाऱ्यांना तो पटला.